एक चाक गरगर, एक चाक गप्प: लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल नेमकं काय करतो?

गेल्या गळीत हंगामात आमच्या वाळवा तालुक्यात अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी फडातून उसाची ट्रॉली बाहेर काढायची वेळ आली. ट्रॅक्टरचं उजवं मागचं चाक पाणंदीच्या मुरमावर चढलं होतं, डावं अजून सरीतल्या काळ्या चिखलात होतं. ड्रायव्हरनं रेस दिली. डावं चाक गरगर फिरायला लागलं, चिखलाचे गोळे पार ट्रॉलीवर उडाले. उजवं चाक मात्र कोरड्या मुरमावर असूनही तसूभर हललं नाही. बांधावर उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "इंजिनात दमच राहिला नाही." ड्रायव्हरनं रेस कमी केली, चाक पूर्ण थांबू दिलं, टाचेजवळचं एक छोटं पेडल दाबलं आणि क्लच अलगद सोडला. दोन्ही चाकं एकदम फिरली आणि ट्रॉली पाणंदीवर आली.

इंजिन तेच होतं, चिखलही तोच. त्या टाचेखाली काय बदललं?

ते पेडल म्हणजे डिफरेन्शियल लॉक. आणि हल्ली एसयूव्हीच्या जाहिरातींत 'लिमिटेड स्लिप', 'मेकॅनिकल लॉकिंग', 'ब्रेक लॉकिंग' असे जे शब्द येतात ती सगळी याच पेडलची भावंडं आहेत. सांगली-साताऱ्यात आता फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या, गाड्या बऱ्याच दिसतात. पावसाळा लागला की कास, बामणोलीच्या वाटेवर त्यांची रांग लागते, आणि 'फोर बाय फोर असून अडकली कशी?' हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर डिफरेन्शियलमध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डिफरेन्शियल मुळात लागतो कशाला?

बैलगाडीला डिफरेन्शियल नसतो, कारण तिची चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. कुणाचं काही अडत नाही. अडचण सुरू होते ती एकाच इंजिनानं दोन्ही चाकं फिरवायची म्हटल्यावर.

एक हिशेब करून बघा. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं आणि गाडीनं एक पूर्ण गोल वळसा घेतला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण 9.4 मीटर जास्त चालतं. वळसा लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. म्हणजे गावातल्या चौकात काटकोनात वळताना सुमारे 2.4 मीटर, आणि पसरणी घाटातल्या आख्ख्या उलट्या वळणावर 4.7 मीटर. साध्या मोटारीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो. तेव्हा प्रत्येक चौकात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा एका फेरीहून जास्त फिरावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर हा फरक टायरनं रस्त्यावर घासूनच भरून काढायचा.

यावर उपाय म्हणून फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकेर या घड्याळजीनं 1827 साली वाफेच्या गाडीसाठी डिफरेन्शियलचं पेटंट घेतलं. मूळ रचना आजही तीच आहे. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून जोर आणणारा दांडा; त्याच्या टोकाचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, क्राऊन व्हील या मोठ्या गिअरला फिरवतो. क्राऊनला एक पेटी जोडलेली असते. त्या पेटीत एका पिनेवर छोटे गिअर बसवलेले असतात, त्यांना आपले मेकॅनिक स्टार पिनियन म्हणतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सन गिअर, आणि प्रत्येक सन गिअरमधून एक एक्सल आपापल्या चाकाकडे जातो. गाडी सरळ चालली की स्टार पिनियन स्वतःभोवती फिरत नाहीत, पेटीबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळण आलं की ते पिनेवर गरकन वळतात आणि एका चाकाच्या जितक्या फेऱ्या कमी होतात, तितक्याच दुसऱ्याच्या वाढवतात. दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी काढली तर ती नेहमी क्राऊनच्या वेगाइतकीच भरते.

फेऱ्यांचा हिशेब इथं संपला. लोकांचा गोंधळ होतो तो जोराच्या हिशेबात.

जोर म्हणजे टॉर्क, आणि तो समोरून अडवल्याशिवाय लागत नाही

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पान्याला एक मीटरचा पाईप लावून टोकाला 10 किलो वजन टांगलं तर नटावर साधारण 100 न्यूटन-मीटर टॉर्क येतो. पण नट ढिला असेल तर? पाना नुसता फिरेल आणि हाताला काहीच जोर लागणार नाही. तुमच्या दंडात ताकद कितीही असो, समोरून विरोध जेवढा, तेवढाच जोर लागतो. रस्सीखेचीत समोरच्या गड्यानं दोर सोडून दिला तर तुम्ही कितीही तगडे असा, दोर ताणला जात नाही.

चाकाचं तसंच आहे. जमीन जेवढी पकड देईल तेवढाच टॉर्क चाकावर उतरतो. एखाद्या डिझेल एसयूव्हीचं इंजिन 300 न्यूटन-मीटर देतं, पहिला गिअर ते चौपट करतो, क्राऊन-पिनियन पुन्हा चौपट करतात. कागदावर 4800 झाले. पण चाकाखाली चिखल असेल आणि तो 200 च्या वर झेपवत नसेल, तर त्या चाकावर 200 च येतील. इंजिन गुरगुरतं, आवाज वाढतो, पण तो जोर कुठं लागतच नाही.

जुवाची गाठ

आता मुख्य गोष्ट. साधा डिफरेन्शियल, ज्याला ओपन डिफरेन्शियल म्हणतात, दोन्ही चाकांना टॉर्क नेहमी सारखाच देतो. गाडी डांबरावर असो की चिखलात, एक चाक थांबलेलं असो की भिरभिरत असो, वाटणी निम्मी-निम्मीच. स्टार पिनियन दोन सन गिअरच्या मध्ये तराजूच्या दांडीसारखा बसलेला असतो. दांडीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त रेटू शकत नाही. रेटायला गेली की दांडीच फिरते.

नांगराच्या जुवाकडे बघा. जू मधोमध दोरानं बांधलेलं, दोन्ही टोकांना बैल. गाठ अगदी ढिली आहे असं समजा. डाव्या बैलाचा पाय चिखलात घसरला, त्याला ओढ देता येईना. उजवा कितीही दमदार असला तरी तो पुढं गेला की जू तिरकं होतं, नांगर जागेवरच. दमदार बैलाची ओढसुद्धा घसरणाऱ्या बैलाएवढीच उरते.

फडातल्या ट्रॅक्टरचं हेच झालं होतं. मुरमावरचं चाक हट्टानं थांबलं नव्हतं. चिखलातलं चाक जेवढं ओढू शकत होतं, तेवढाच टॉर्क त्यालाही मिळत होता, आणि तेवढ्यानं भरलेली ट्रॉली हलणार नव्हती.

"पण सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडेच जाते ना?"

हे वाक्य गॅरेजात, शोरूममध्ये, सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग. थांबलेल्या चाकाचा वेग शून्य, म्हणून त्याच्याकडे पॉवर जात नाही. सगळी पॉवर भिरभिरणारं चाक चिखल उडवण्यात आणि तापण्यात घालवतं. पण टॉर्क दोघांना सारखाच असतो, आणि गाडी पुढं ढकलतो तो टॉर्क. हा फरक मी इतका घोळून सांगतोय कारण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. पकड जिथं आहे त्या चाकाला जास्त टॉर्क द्यायचा असेल, तर ही समान वाटणीच मोडावी लागेल.

रेस वाढवत राहण्याचा तोटाही इथंच दिसतो. एक चाक थांबलं की दुसरं क्राऊनच्या दुप्पट वेगानं फिरतं. गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर 40 दाखवत असेल, तर चिखलातलं चाक 80 च्या वेगानं फिरत असतं. एवढ्या वेगानं फिरायचं काम स्टार पिनियनचं नाही, ते वळणापुरते आहेत. मिरजेच्या एका गॅरेजात उघडलेल्या हौसिंगमधली पिन मी हातात घेऊन बघितली आहे. जिथं स्टार पिनियन बसतो तिथं ती निळी-काळी पडली होती आणि बोटाला चरे लागत होते. तेल आटलं, धातू धातूवर घासला. गाडी चिखलातून काढायला अर्धा तास रेस दिल्याचा तो परिणाम होता.

गाठ आवळली की काय होतं?

जुवाची तीच गाठ आता गच्च आवळा. जू फिरू शकतं, पण सहज नाही. डावा बैल घसरला तरी जू लगेच तिरकं होत नाही, कारण गाठ अडवते. त्या अडवण्याएवढी जास्तीची ओढ उजवा बैल देऊ शकतो. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एलएसडी, ही ती आवळलेली गाठ. आणि गाठीच्या जागी बोल्ट ठोकून जू पक्कं केलं, तर तो डिफरेन्शियल लॉक.

एका वाक्यात नियम असा: डिफरेन्शियलच्या आत घर्षण असलं, की टॉर्क जोरात फिरणाऱ्या चाकाकडून हळू फिरणाऱ्या चाकाकडे सरकतो. एलएसडीचे जेवढे प्रकार आहेत, ते हे घर्षण निरनिराळ्या तऱ्हेनं तयार करतात, एवढंच.

आकडे घालून बघू. एका जीपला चढ चढायला एकूण 700 न्यूटन-मीटर हवेत. डावं चाक चिखलात, ते 200 पेक्षा जास्त घेत नाही. उजवं खडकावर, ते 1100 पर्यंत घेऊ शकतं. ओपन डिफरेन्शियल 200 आणि 200 देतो, एकूण 400; गाडी जागेवर. आता तिथं असा एलएसडी आहे, जो पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या तिप्पट टॉर्क देऊ शकतो. मग 200 आणि 600, एकूण 800, गाडी चढते. लॉक असेल तर 200 आणि 1100, म्हणजे 1300 पर्यंत मजल जाते. या 'तिप्पट'ला बायस रेशो म्हणतात. एलएसडी घेताना विचारण्यासारखा आकडा तोच.

प्लेटांचा, किड्याचा आणि काकवीचा

जुना आणि आजही भरवशाचा प्रकार क्लच प्लेटांचा. मोटारसायकलच्या क्लचमध्ये असतात तशा प्लेटा, एक सोडून एक: एक पेटीला अडकवलेली, पुढची सन गिअरला. स्टार पिनियनची पिन दोन कड्यांमधल्या उतरत्या खाचांत बसवलेली असते. इंजिनाचा जोर आला की पिन त्या उतारावर चढते, कडी बाजूला सरकतात आणि प्लेटा दाबल्या जातात. जितका जोर जास्त, तितका दाब जास्त. खाच एकाच बाजूनं उतरती केली तर रेस देतानाच पकड येते, दोन्ही बाजूंनी केली तर रेस सोडल्यावरही. 1930च्या दशकात ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या रेसिंग गाड्यांचं एक मागचं चाक ताशी 160 किलोमीटरपर्यंतसुद्धा जागच्या जागी फिरायचं, म्हणून फर्डिनांड पोर्शे यांनी 1935 साली झेडएफ कंपनीकडून एलएसडी बनवून घेतला होता. तेव्हा हे काम फक्त चिखलाचं नाही. इंजिन खूप ताकदवान असलं तर कोरड्या रस्त्यावरही तेच घडतं.

दुसरा प्रकार टॉर्सेन. 1958 साली अमेरिकेतल्या व्हर्नन ग्लीसमन यांनी तो शोधला. यात प्लेटा नाहीत, किड्यासारख्या वळणाचे वर्म गिअर आहेत. वर्म गिअर चक्राला सहज फिरवतो, पण चक्र वर्मला सहज फिरवू शकत नाही. विहिरीवरची हातानं फिरवायची झडप आठवा: चाकानं आटा फिरतो, पण पाण्याच्या दाबानं चाक उलटं फिरत नाही. ही अडवणूक टॉर्सेनमध्ये घर्षणाचं काम करते. झिजणाऱ्या प्लेटा नसल्यानं तो वर्षानुवर्षं चालतो.

पण याची एक दुखरी बाजू आहे. टॉर्सेन गुणाकार करतो. घसरणाऱ्या चाकाकडे 200 असतील तर तिप्पट 600. आणि चाक हवेत लटकलं असेल तर? शून्याची तिप्पट शून्य. खडकाळ वाटेवर एक चाक अधांतरी झालं की टॉर्सेनवाली गाडी ओपनवालीसारखीच अडकू शकते. प्लेटांच्या एलएसडीत स्प्रिंगनं आधीपासून थोडा दाब ठेवलेला असतो, म्हणून तिथं शून्यावरही काहीतरी मिळतं.

तिसरा व्हिस्कस. दाट सिलिकॉन तेलात जवळजवळ बसवलेल्या चकत्या. काकवीच्या भांड्यात दोन पळ्या शेजारी धरून एक फिरवली तर दुसरीही ओढली जाते, तसंच. सौम्य काम करतो, पण उशिरा करतो.

ब्रेकचा डाव: ट्रॅक्टरवाल्यांना आधीच ठाऊक असलेला

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बांधाजवळ वळताना आतल्या बाजूचा ब्रेक दाबून तो जागच्या जागी फिरवतात. हाच ब्रेक चिखलात वेगळ्या कामाला येतो: घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की दुसरं चाक ओढायला लागतं.

असं का होतं, ते आता सांगता येईल. डिफरेन्शियल समान वाटणारच. डाव्या बाजूला चिखल 200 अडवतोय, तुम्ही ब्रेकनं आणखी 300 अडवलेत. डावीकडे झाले 500. मग उजवीकडेही 500 जाणारच. ब्रेकमधले 300 वाया गेले, पण जमिनीवर 200 आणि 500 मिळून 700 लागले, आणि आपल्या जीपला चढायला तेवढेच हवे होते. गाड्यांमधली 'ब्रेक लॉकिंग डिफरेन्शियल' ही सोय हेच करते. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर कुठलं चाक पळतंय ते ओळखतात आणि संगणक त्याच चाकाचा ब्रेक धरतो. स्वस्त आणि उपयोगी. लांबलचक चढावर मात्र ब्रेक तापतात आणि यंत्रणा काही वेळ माघार घेते. अमेरिकन लष्कराच्या हमवी गाड्यांत टॉर्सेन असतो, आणि त्यांच्या चालकांना चाक हवेत गेल्यावर रेस आणि ब्रेक एकत्र दाबायला शिकवतात. शून्याच्या जागी ब्रेकनं थोडा विरोध उभा केला, की टॉर्सेनला गुणाकार करायला काहीतरी मिळतं.

"मग लॉकच कायम लावून ठेवला तर?"

नका लावू. हे मी काळजीनं सांगतो आहे. लॉक असताना दोन्ही चाकांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात, म्हणजे वर सांगितलेला काटकोनातला 2.4 मीटरचा फरक टायरनं घासून भरायचा. मऊ रानात माती सरकते म्हणून निभतं. डांबरावर ट्रॅक्टर वळायलाच मागत नाही, सरळ जायला बघतो. मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या असतील तर पुढचं सांगायला नको. एक्सलवर येणारा ताण वेगळाच. म्हणून लॉक फक्त सरळ चालताना, चिखलापुरता. दाबायचा तो चाक थांबल्यावर. भिरभिरत असताना दाबला तर आतले दात तुटतात. आणि रस्त्यावर आलात की दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीनं जोडलेली आहेत ना, ते एकदा वाकून बघा.

ओपन आणि लॉक या दोन टोकांच्या मध्ये एलएसडी आहे. वळणात तो फरक पडू देतो, थोडी कुरकुर करत. घसरण सुरू झाली की आवळतो.

"फोर बाय फोर असताना एलएसडी कशाला?"

फोर बाय फोर म्हणजे जोर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलना जातो. पण प्रत्येक एक्सलमध्ये डिफरेन्शियल आहेच, आणि तो ओपन असेल तर प्रत्येक ठिकाणी जुवाची ढिली गाठ आहे. उंचसखल वाटेवर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी उचललं गेलं, की चारही चाकं इंजिनाला जोडलेली असूनसुद्धा गाडी उभी. कासच्या वाटेवर अडकलेल्या गाड्यांचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. म्हणूनच 2020 साली आलेल्या थारच्या वरच्या मॉडेलमध्ये मागच्या एक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल आला. तो एलएसडी आणि लॉक यांच्या सीमेवरचा आहे: चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की आपोआप पूर्ण लॉक होतो.

जे मिळत नाही तेही सांगतो. यातलं एकही यंत्र पकड तयार करत नाही. दोन्ही चाकं चिखलात असतील तर दोन्ही घसरतील. त्यात एक धोका आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. ओपन डिफरेन्शियलमध्ये एक चाक भिरभिरतं तेव्हा थांबलेलं दुसरं चाक गाडीला आडवी सरकण्यापासून धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही चाकं फिरली की तो आधारही जातो. जावळीकडच्या तांबड्या मातीच्या, एका अंगाला कललेल्या ओल्या वाटेवर मागचा भाग दरीकडे घसरतो तो असा. तिथं चांगले टायर आणि कमी रेस हेच कामाला येतात.

नेहमीच्या गाडीला बसवून घ्यावा का?

सांगली-कोल्हापूर रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या मोटारीला गरज नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत जोरकस एलएसडी बसवला तर रेस देताना स्टिअरिंग हातात ओढ खातं. ज्यांच्या गाडीत प्लेटांचा एलएसडी आहे त्यांनी तेलाकडे लक्ष द्यावं. त्याला घर्षण बेताचं ठेवणारं खास तेल लागतं. साधं गिअर ऑईल भरलं की संथ वळणावर मागून कर्र-कर्र आवाज येतो आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

आपल्या गाडीत काय आहे ते ओळखायचं असेल तर सपाट जागेवर चालणारी दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका आणि एक चाक हातानं फिरवा. दुसरं सहज उलटं फिरलं तर ओपन, किंवा कधीकधी टॉर्सेन. हातानं हलता हलत नसेल तर प्लेटांचा एलएसडी. आणि तसा असेल, तर एकच चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. ओपनवाल्या गाडीत उचललेलं चाक नुसतं फिरत राहतं. एलएसडीवाल्या गाडीत जमिनीवरच्या चाकालाही टॉर्क मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी घेते.